तुकडा किती बारीक?

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आलेली मुलं कॅल्क्युलसला घाबरतात, असा सगळ्यांचा समज आहे. देवासमध्ये इतकी वर्षं भौतिकशास्त्र शिकवल्यावर मला तो पटत नाही. एक्सचा घन दिला की त्याचा डेरिव्हेटिव्ह मुलं बोलता बोलता काढतात. बारावीला मॅथ्स ग्रुप घेतलेल्यांचा तर हात चांगला बसलेला असतो. अडतं ते त्याच्या आधी. समोर एखादी वस्तू पडतेय, वाहतेय, थरथरतेय, आणि तिचा डीटी किती धरायचा, डीएक्स नेमका कशाचा घ्यायचा, हे प्रश्नात लिहिलेलं नसतं. मग वर्गातून हमखास येतं, "मॅडम, इसमें कौन-सा फॉर्मूला लगेगा?" घरी माळवी किंवा आमच्यासारखी मराठी, वर्गात हिंदी, चांगली पुस्तकं इंग्रजीत, अशी कसरत करत आलेली ही मुलं आहेत. त्यांच्या कष्टात कसूर नसते. त्यांना कोणीतरी शेजारी बसून तुकडा पाडायला शिकवायचं राहून गेलेलं असतं.

म्हणून यांत्रिकीची सुरुवात मी जिन्यात करते. नाक्यावर पोहे ज्यात मिळतात तसा पातळ कागदाचा द्रोण घ्यायचा आणि जिन्याच्या पोकळीत, फितीनं मोजून, तीन मीटर उंचीवरून सोडायचा. जिन्यात वारा नसतो, त्यामुळे तो सरळ उतरतो. खाली एकाच्या हातात स्टॉपवॉच. आधी वहीत उत्तर काढायला सांगते. बारावीचं सूत्र सगळ्यांना येतं, पाऊण सेकंदाच्या जरा वर उत्तर येतं. प्रत्यक्षात द्रोणाला दोन सेकंदांहून जास्त लागतात. मग एकात एक बसवलेले चार द्रोण दुप्पट उंचीवरून आणि एकटा द्रोण त्याच्या निम्म्या उंचीवरून, दोन्ही एकाच वेळी सोडायचे. ते जवळजवळ बरोबरच जमिनीला टेकतात. वजन चौपट, तर वेग दुप्पट. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, हे फळ्यावर लिहिण्याची गरजच उरत नाही. कोणीतरी जिन्यातूनच ओरडून सांगतं.

त्यानंतर वही उघडायची. द्रोणाचा स्थिरावलेला वेग सेकंदाला १.४ मीटर धरला, तर त्याचं त्वरण ९.८ वजा वेगाच्या वर्गाची पाचपट इतकं येतं. हे समीकरण लिहिलं की वर्ग गप्प होतो, कारण त्वरणच वेगावर अवलंबून आहे आणि वेग त्वरणावर. पाठ केलेलं कुठलंच सूत्र इथे चालत नाही. मी म्हणते, सूत्र राहू द्या, ०.०५ सेकंदाची एकेक पायरी उतरू. सुरुवातीला वेग शून्य, त्वरण ९.८, पहिल्या पायरीअखेर वेग ०.४९. आता त्वरण नव्यानं काढायचं, ते आलं ८.६, दुसऱ्या पायरीअखेर वेग ०.९२. पुढे त्वरण ५.६, वेग १.२०. मग त्वरण २.६, वेग १.३३. मग १.३८. त्वरण आटत जातं आणि वेग १.४ शी येऊन टेकायला लागतो. पाव सेकंदात सगळी गोष्ट संपते. कॅल्क्युलेटरवर बोटं चालवता चालवता मुलांच्या लक्षात येतं, की आपण इंटिग्रेशन करतोय.

मुद्दाम एका बाकाला मी ०.२ सेकंदाची पायरी देते. त्यांचा वेग पहिल्याच पायरीत १.९६ होतो, म्हणजे स्थिरावलेल्या वेगाच्याही वर. मग त्वरण उणे ९.४ येतं आणि पुढच्या पायरीला वेग ०.०८. त्यांच्या कागदावर द्रोण अधांतरी थांबलेला असतो. गणितात कुठे चूक नाही, प्रत्येक आकडेमोड बरोबर आहे. फक्त तुकडा जाड पडला. एवढ्या वेळात त्वरण पार बदलून गेलं आणि आपण ते स्थिर धरून चाललो. मग तुकडा किती बारीक घ्यायचा? ज्या काळात त्वरणात दखल घेण्याजोगा फरक पडत नाही, इतका. हे ठरवायला द्रोण ओळखावा लागतो. ग्रहाच्या बाबतीत तोच तुकडा काही दिवसांचा चालेल. गणिताच्या तासाला डीटी शून्याकडे नेतात आणि ते योग्यच आहे, पण भौतिकशास्त्र शिकणाऱ्यानं आधी तो चिमटीत धरून पाहिलेला असावा, असं माझं ठाम मत आहे. फाइनमन यांनी १९६१ ते १९६३ मध्ये कॅलटेकला पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलांना दिलेल्या व्याख्यानांत ग्रहाची कक्षा अशीच कोष्टक मांडून, पायरी-पायरीनं काढून दाखवली आहे. तो धडा मी दर वर्षी पुन्हा वाचते.

करून पाहण्याची ही रीत माळव्याला परकी नाही. १९७२ मध्ये होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ माध्यमिक शाळांत विज्ञान प्रयोगातून शिकवण्याचा कार्यक्रम सुरू झाला. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या 'एकलव्य' या संस्थेनं तो पुढे नेला आणि देवासपर्यंत आणला. २००२ मध्ये कार्यक्रम बंद झाला. त्यात शिकून आलेली मुलं पुढे महाविद्यालयात वेगळी ओळखू यायची. तेच माप दुसऱ्यांदा घेतलं आणि आकडा जरा वेगळा आला, तर ती दचकायची नाहीत. तिसऱ्यांदा मोजायची.

तात्कालिक वेगाची गोष्ट आली की मी मुलांना उज्जैनची आठवण करून देते. आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर. भारतीय ज्योतिषाची शून्य रेखा तिथून जायची. ग्रहगणितात चंद्राची अडचण मोठी होती. तो दिवसाला साधारण १२ ते १५ अंश सरकतो, आणि हा आकडा रोज, किंबहुना क्षणोक्षणी बदलतो. आजच्या आणि उद्याच्या स्थानांतला फरक घेऊन तिथी कधी संपते ते नेमकं सांगता येत नाही. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये 'सिद्धान्तशिरोमणि' लिहिला तेव्हा ते ३६ वर्षांचे होते. त्यात त्यांनी चंद्रासाठी तात्कालिक गती घ्यायला सांगितलं, आणि ती काढताना ज्येतला बारीक फरक कोटिज्येच्या प्रमाणात असतो हे वापरलं. आज मुलं साइनचा डेरिव्हेटिव्ह कोसाइन म्हणून पाठ करतात, तोच हा संबंध. मला यातलं मोठेपण गरजेत दिसतं. दिवसाचा तुकडा चंद्राला जाड पडतोय, हे त्यांना चंद्राकडे पाहून कळलं होतं. त्यांचा नातू चांगदेव यानं चाळीसगावजवळच्या पाटण इथे त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ काढला. त्याची नोंद असलेला १२०७ चा शिलालेख भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. आजोबांचं गणित शिकवायला मठ हवा, असं एका नातवाला वाटलं, हे वर्गात सांगताना मला दर वेळी भरून येतं.

तुकड्याचा दुसरा धडा देवासभोवतालच्या टेकड्यांवर उभा आहे. नव्वदच्या दशकापासून तिथे पवनचक्क्या आल्या. वाऱ्याच्या वाटेत एक चौकट धरली तर डीटी काळात तिच्यातून किती हवा जाईल? चौकटीच्या मागे, वेग गुणिले डीटी एवढ्या लांबीचा हवेचा खांब असेल, तेवढी. वस्तुमानात वेग एकदा आला आणि गतिज ऊर्जेत त्याचा वर्ग, म्हणून शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात. इथपर्यंत मुलं येतात. मग मी विचारते, एका गावात दिवसभर सेकंदाला ६ मीटरचा वारा आहे. दुसऱ्या गावात अर्धा दिवस ३ आणि अर्धा दिवस ९. सरासरी दोन्हीकडे ६. ऊर्जा? बहुतेक जण सारखीच सांगतात. सहाचा घन २१६. तीनचा २७, नवाचा ७२९, दोहोंची सरासरी ३७८. पावणेदोन पट! आधी सरासरी काढून घन केला की वाऱ्याचे झोत पुसले जातात. आधी तुकड्या-तुकड्याचा घन करून मग बेरीज केली की ते टिकतात. इंटिग्रलचं चिन्ह कशाच्या बाहेर लिहायचं, हा प्रश्न विजेच्या युनिटांचा होतो. (ही सगळी ऊर्जा चक्कीला मिळत नाही. फार तर ५९ टक्के काढता येते, हे बेट्झ यांनी १९२० मध्ये दाखवलं. तो हिशोब मी दुसऱ्या वर्षासाठी राखून ठेवते.)

सगळ्यात जास्त वेळ मात्र तारेला द्यावा लागतो. व्हरांड्यात दोघांनी दोर ताणून धरायचा आणि त्यावर खडूनं वीतभर तुकडा रंगवायचा. त्या तुकड्यावर बल किती? दोन्ही टोकांना ताण सारखाच, मग शून्यच, असं उत्तर येतं. मी दोराचं एक टोक वर उचलायला लावते. तुकडा तिरपा झाला, पण सरळच आहे. ताण अजूनही समोरासमोर, बल शून्य. आता दोराला झोका द्या. तुकडा वाकला, दोन टोकांचे ताण किंचित वेगळ्या दिशांना गेले, आणि बाकाच्या आतल्या बाजूला बल उरलं. म्हणजे उतार असून भागत नाही, उतार बदलायला हवा. सेकंड डेरिव्हेटिव्ह तारेच्या समीकरणात कुठून येतो, ते हाताला कळतं. द'अलांबेर यांनी १७४७ मध्ये मांडलेलं ते समीकरण मग फळ्यावर चार ओळींत उतरतं.

तारेचा विषय देवासमध्ये निघाला की कुमार गंधर्व आल्याशिवाय राहत नाहीत. क्षयाच्या आजारात, इथली कोरडी हवा मानवेल म्हणून ते १९४८ मध्ये इथे आले आणि १९९२ मध्ये शेवटचा श्वासही त्यांनी इथेच घेतला. माताजीच्या टेकडीच्या पायथ्याशी त्यांचं घर. तंबोरे सुरेल लागण्याबद्दल ते किती काटेकोर होते, हे गावातली जुनी माणसं आजही सांगतात.

गेल्या काही वर्षांतली एक विद्यार्थिनी गाणं शिकत होती. फळ्यावरचं समीकरण पाहून तिनं हरकत घेतली. तार दोन्ही टोकांना पक्की बांधलेली आहे असं आपण धरलं, पण तंबोऱ्यात तसं कुठे असतं? घोडीचा माथा गोलसर असतो, तार त्याला घासत, टेकत-सुटत हलते, आणि मधे जवारीचा दोरा सरकवला की आवाज पालटतो. मी तिला रामन यांचा भारतीय तंतुवाद्यांवरचा १९२१ चा निबंध वाचायला दिला. तार जिथे छेडली, त्या जागेमुळे नियमाप्रमाणे जे स्वरांश उमटायला नकोत, ते तंबोऱ्यात आणि वीणेत स्पष्ट ऐकू येतात, आणि त्याचं मूळ या गोलसर घोडीत आहे, असं त्यांनी दाखवलं होतं.

निबंध वाचून ती परत आली ती वहीत आकृती काढूनच. घोडीला टेकलेला तारेचा भाग तिनं वेगळ्या शाईनं रंगवला होता. तो भाग दर क्षणी लहान-मोठा होतो, म्हणजे तारेचं टोकच पुढे-मागे सरकतं. मग शेवटचा डीएक्स कुठे संपवायचा, असं तिचं विचारणं होतं. पुस्तकात याचं तयार उत्तर नाही. तिला मी द्रोणाच्या कोष्टकाची आठवण करून दिली आणि तार वीस तुकड्यांत मांडून पाहायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिनं निरोप पाठवला, घोडीजवळ वीस पुरत नाहीत, तिथे तुकडे आणखी बारीक घ्यावे लागतायत.