स्वतःच्या घरी यायला कसला व्हिसा?

पोस्ट मोठी आहे. पण ज्यांच्या घरातलं कुणी परदेशात स्थायिक झालंय, त्यांनी शेवटपर्यंत वाचावी ही विनंती.

आमच्या एसटी स्टँडसमोर सध्या तीन फ्लेक्स लागलेत. तिन्ही परदेशी पाठवणाऱ्यांचे. 'ऑस्ट्रेलिया पीआर', 'आयईएलटीएस बॅच सुरू', वगैरे. जायचं कसं हे सांगणारे गल्लोगल्ली झालेत. परत यायचं कसं हे सांगणारा एकही बोर्ड मला अजून दिसलेला नाही. पोरगा गेला की आम्ही पत्रकार फोटोसकट बातमी छापतो, 'तालुक्याचं नाव उज्ज्वल'. परत आला तर बातमी नसते. उलट पारावर कुजबुज असते, "तिकडं जमलं नसंल."

2021 च्या ऑस्ट्रेलियन जनगणनेत भारतात जन्मलेले 6 लाख 73 हजार लोक मोजले गेले. परदेशात जन्मलेल्यांत इंग्लंडनंतर दुसरा नंबर आपला. यातले कितीतरी जण आता ऑस्ट्रेलियाचे नागरिक आहेत. आणि त्यांचे आईवडील इकडे सत्तरी-पंच्याहत्तरीत आहेत. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत आपल्या गावागावात हा प्रश्न येणार आहे, म्हणून हे लिहितोय.

माझा एक शाळूसोबती मेलबर्नला आहे. वय माझ्याएवढंच, 47. तिकडे जाऊन अठरा वर्षं झाली. तो, बायको आणि मुलगा तिघंही ऑस्ट्रेलियन नागरिक. वडील तीन वर्षांपूर्वी गेले. काकू 76 वर्षांच्या, वाड्यात एकट्या. गुडघे गेलेत, साखर आहे, आणि मागच्या पावसाळ्यात मोरीत पडल्यापासून रात्री दिवा चालू ठेवून झोपतात. मी येता-जाता डोकावतो, शेजारी भाकरी देतात. पण शेजार तो शेजार.

त्याचं पहिलं म्हणणं असं होतं की आईलाच तिकडे नेतो. नियम बघितले आणि आम्ही दोघंही गप्प झालो. ऑस्ट्रेलियात आईवडिलांसाठी कायमचा व्हिसा आहे, पण साध्या व्हिसाची रांग सुमारे तीस वर्षांची आहे. काकू 76 च्या. हिशेब तुम्हीच करा. दुसरा 'कॉन्ट्रिब्युटरी' प्रकार आहे, त्याला माणशी 40 हजार डॉलरच्या वर सरकारी फी, आणि तिथंही वर्षानुवर्षं थांबायचं. तीन किंवा पाच वर्षांचा तात्पुरता व्हिसा मिळतो, पण त्यावर सरकारी आरोग्यसेवा नाही, आजारपणाचा विमा स्वतःचा काढायचा. आणि मुख्य म्हणजे काकूंना कुणी विचारलंच नव्हतं. विचारल्यावर त्या म्हणाल्या, "मी न्हाई कुठं येत. तूच ये की. स्वतःच्या घरी यायला कसला व्हिसा?"

काकूंचं वाक्य ऐकायला बरं वाटतं. पण कायद्यानं बघितलं तर त्यांच्या मुलाला स्वतःच्या घरी यायला व्हिसा लागतो.

आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही. 1955 च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम 9 प्रमाणे तुम्ही आपणहून दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं संपतं. जुना पासपोर्ट कपाटात आहे म्हणून आपण भारतीयच, असं समजणारे पुष्कळ भेटतात. तसं नसतं. तो पासपोर्ट रीतसर जमा करून प्रमाणपत्र घ्यावं लागतं.

आता गंमत बघा. तो सांगत होता, ऑफिसातले तिथलेच गोरे लोकसुद्धा देश सोडायच्या गप्पा मारतात. घरभाडं परवडत नाही, घरांच्या किमती हाताबाहेर गेल्यात. कुणाला थायलंड, कुणाला बाली, कुणाला लंडन. ऑस्ट्रेलियाचा पासपोर्ट तसा दमदार. पण दमदार पासपोर्ट म्हणजे फिरायला मोकळीक. राहायला, कमवायला आणि आजारी पडायला वेगळे कागद लागतात.

न्यूझीलंडला ऑस्ट्रेलियन माणूस नुसता विमानात बसून जातो, उतरल्यावर त्याला तिथं राहायचा आणि काम करायचा हक्क मिळतो. 1973 पासून ही व्यवस्था आहे. अमेरिकेनं फक्त ऑस्ट्रेलियनांसाठी ई-3 नावाचा व्हिसा ठेवलाय, वर्षाला 10,500. पण आधी तिथली नोकरी हातात पाहिजे. ब्रिटनचा तरुणांसाठीचा व्हिसा 35 वर्षांपर्यंत, एकूण तीन वर्षांसाठी. थायलंडचा निवृत्तांसाठीचा व्हिसा पन्नाशीनंतर, बँकेत 8 लाख बाट दाखवून किंवा दरमहा 65 हजार बाट उत्पन्न दाखवून. त्यावर काम करता येत नाही. बालीत विमानतळावर मिळतो तो 30 दिवसांचा, एकदाच वाढवता येतो. तो धरून संसार होत नाही.

ब्रिटनचा आणखी एक व्हिसा आहे. राष्ट्रकुलातल्या नागरिकाचे आजी किंवा आजोबा ब्रिटनमध्ये जन्मलेले असतील तर पाच वर्षं राहून काम करता येतं. म्हणजे एकाच ऑफिसात शेजारी बसणारे दोघं, पासपोर्ट एकच, पण एकाचे आजोबा यॉर्कशायरचे म्हणून त्याला लंडनचं दार उघडं. माझ्या मित्राचे आजोबा आमच्या गावचे. त्याला उघडं असलेलं दार म्हणजे ओसीआय, ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया. ते तर पणजोबांपर्यंत मागे जातं. व्हिसाच्या कायद्यात आजोबांना फार मान आहे, नातवांनी लक्षात ठेवावं.

ओसीआय 2005 साली आलं. 2015 मध्ये जुनं पीआयओ कार्ड त्यातच विलीन झालं. नावात 'सिटिझन' आहे म्हणून लोक फसतात. ते नागरिकत्व नाही, आजन्म व्हिसा आहे. कितीही दिवस राहा, पोलीस किंवा परदेशी नोंदणी कार्यालयात जायची गरज नाही. खासगी नोकरी, धंदा करता येतो. फ्लॅट, दुकान घेता येतं.

काय नाही, तेही ऐका. मत नाही. निवडणुकीला उभं राहता येत नाही. सरकारी नोकरी नाही. शेतजमीन, फार्महाऊस विकत घेता येत नाही. 2021 च्या अधिसूचनेनंतर मुलांना नीट, जेईईसारख्या परीक्षांतून एनआरआय जागाच मिळतात. पत्रकारितेसाठी वेगळी परवानगी लागते. म्हणजे मी चहाच्या टपरीवर बसून जे करतो, ते त्याला दिल्लीची परवानगी घेऊन करावं लागेल! ऑस्ट्रेलियात मत दिलं नाही तर दंड होतो, आणि इथं त्याच्या नावाला मतच नाही. मी त्याला म्हणालो, "गड्या, तुला आता कुणीच दारू-मटण देणार नाही इलेक्शनला." तो हसला, पण मनापासून नाही.

तर इकडचं दार उघडं आहे. खरी अडचण तिकडून निघताना आहे, आणि त्याचा विचार तिकीट काढायच्या आधी वर्षभर करायला हवा. त्याच्याशी रोज संध्याकाळी फोन व्हायचे, तिकडे रात्रीचे दहा वाजलेले असायचे. त्यातून जे कळलं ते सांगतो.

पहिलं पेन्शनचं. ऑस्ट्रेलियात वृद्धापकाळ पेन्शन 67 व्या वर्षी. आपला प्रॉव्हिडंट फंड तसं त्यांचं सुपर. तात्पुरत्या व्हिसावर गेलेला माणूस देश सोडताना सुपर काढून आणू शकतो. नागरिक झालेल्याला साधारणपणे साठीपर्यंत हात लावता येत नाही. आणि सरकारी पेन्शनसाठी अर्ज करताना साधारणपणे तिथे राहत असावं लागतं. भारताशी मात्र त्यांचा सामाजिक सुरक्षा करार आहे, त्यामुळे इथूनही अर्ज करता येऊ शकतो. परतून अर्ज केला आणि लगेच निघाला तर पेन्शन थांबतं, दोन वर्षं राहावं लागतं. पुढे बाहेर राहिला तर 26 आठवड्यांनंतर 35 वर्षांच्या हिशेबात वाटा. अठरा वर्षं राहिला असेल तर पस्तिसात अठरा, म्हणजे निम्म्याहून थोडं जास्त.

दुसरं आजारपण. त्यांचं मेडिकेअर भारतात चालत नाही. अकरा देशांशी त्यांचा परस्पर करार आहे, त्यात आपण नाही. 47 व्या वर्षी इथं नवा आरोग्य विमा काढायचा तर आधीच्या आजारांना थांबण्याची मुदत असते. म्हणून पॉलिसी आल्या-आल्या, धडधाकट असतानाच घ्यायची.

तिसरं घर आणि कर. तिथलं राहतं घर विकलं तर नफ्यावर सहसा कर लागत नाही. पण 30 जून 2020 नंतर नियम असा की, विकताना तुम्ही करापुरते परदेशी रहिवासी ठरलात तर ही सवलत साधारणपणे जाते. म्हणजे विकायचं की ठेवायचं, हे निघायच्या आधी ठरवायचं. आणि भारतात वर्षाला 182 दिवस झाले की आपला आयकर खातं रहिवासी धरतं. दोन्हीकडे रहिवासी ठरण्याची वेळ येऊ शकते. दोन देशांत 1991 पासून करार आहे, पण तो वाचणारा सीए शोधा. गावातल्या ओळखीच्या माणसावर भागवू नका.

चौथं मुलांचं. तिथं सरकारी कर्ज काढून शिकलेल्या मुलांना सहा महिन्यांहून जास्त बाहेर जाताना सात दिवसांत कळवावं लागतं. बाहेर गेलं म्हणून कर्ज बुडत नाही. शाळेचं वर्ष तिकडे जानेवारी ते डिसेंबर, आपलं जूनपासून. मित्राचा मुलगा दहावीत आहे. त्यानं सरळ विचारलं, "बाबा, तुमचं घर तिकडे आहे. माझं कुठे आहे?" यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं. शेवटी ठरलं असं की वहिनी आणि मुलगा बारावी होईपर्यंत तिकडेच. मित्र एकटा येणार. अठरा वर्षांपूर्वी तो एकटा गेला होता, आई इकडे रडत होती. आता एकटा येतोय. या वेळी वहिनी रडतात.

आता आपल्या बाजूचं बोलू. वडिलांच्या नावावर पावणेदोन एकर द्राक्षबाग आहे. वारस नोंद करायला त्यानं मला अधिकारपत्र दिलं. एका कार्यालयात मी ओसीआय कार्डाची प्रत ठेवली. साहेबांनी उलटसुलट करून बघितली आणि म्हणाले, "हा परदेशी नागरिक. याचं नाव सातबाऱ्याला लागत नाही. बहिणीचं एकटीचं लावा." कायदा तसं म्हणत नाही. ओसीआय असलेल्याला शेतजमीन विकत घेता येत नाही, पण वारसानं येऊ शकते. पुढे विकायची झाली तर ती भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकावी लागते, एवढंच. मी नियमाची प्रत काढून चारदा गेलो. पाचव्यांदा नोटीस निघाली, महिन्याभरात फेरफार मंजूर झाला. मी पत्रकार म्हणून चारदा गेलो. ज्यांचं कुणी नाही त्या म्हाताऱ्या आईनं किती हेलपाटे मारायचे? असं वारस नाव वगळलं गेलं की पुढे भावा-बहिणीत कोर्टकज्जे सुरू होतात, आणि ते का सुरू झाले हे कुणाला आठवतही नाही.

दुसऱ्या ठिकाणी सांगितलं, "आधार आणा." ओसीआय असलेल्यालाही आधार मिळतं, पण आधीच्या बारा महिन्यांत 182 दिवस इथं राहिल्यानंतर. म्हणजे आल्यावर पहिले सहा महिने तो माणूस गॅस, सिमकार्ड, बँक, सगळीकडे पासपोर्ट आणि कार्ड घेऊनच फिरणार. काउंटरवरच्या माणसाला हे ठाऊक नसेल तर त्याचा दोष नाही, त्याला कुणी सांगितलेलंच नाही. म्हणून तहसील आणि नगरपालिकेला माझी जाहीर मागणी आहे: ओसीआय म्हणजे काय, त्यावर काय चालतं आणि काय नाही, याचं एक पान मराठीत छापून भिंतीवर लावा. एका पानाचाच खर्च आहे.

आणि बाहेर असलेल्या मित्रांनो, तुमच्यासाठी. जुना भारतीय पासपोर्ट जमा केला नसेल तर आधी ते करा. ओसीआय घरातल्या प्रत्येकाचं वेगळं लागतं. जोडीदार भारतीय वंशाचा नसेल तर लग्नाची नोंदणी होऊन दोन वर्षं व्हावी लागतात. विसाव्या वर्षापर्यंत मुलांचा पासपोर्ट बदलला की नवी माहिती चढवावी लागते. वडील हयात असतानाच सातबारा, घराचा उतारा, बँकेतलं नॉमिनेशन बघून घ्या. "आई बरी नाही" असा फोन आल्यावर तिकीट काढता येतं. हे कागद त्या रात्रीत होत नाहीत.

मित्र जानेवारीत येतोय. तीस वर्षांच्या रांगेत आईला उभं करण्यापेक्षा आपण निघालेलं बरं, असा त्यानं निर्णय घेतला. पगार निम्म्याहून कमी होईल, पेन्शनचा वाटा जाईल, मुलगा दोन वर्षं लांब राहील. हे सगळं मांडून, बघून तो येतोय. तेव्हा तो दिसला की "तिकडं जमलं नाही का रे?" असं कृपा करून विचारू नका. त्याच्याकडे मत नसेल, पण बाग त्याची आहे, आई त्याची आहे. मोरीत धरायला दांडी बसवायचं काम मी परवाच गवंड्याला सांगितलंय.

तुमच्या घरात असं कुणी परत आलं असेल, कुठल्या कार्यालयात काय अडलं आणि कसं सुटलं, ते खाली लिहा. सगळं एकत्र करून तहसीलदार साहेबांना निवेदन देऊ.