उपयोगी विद्येचं ठिकाण

"म्हणजे मूळचं टेक्निकल कॉलेजच ना ते?"

घरच्या ग्रुपवर परवा हा प्रश्न आला. भाचीला ग्लासगोच्या स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठात प्रवेश मिळालाय, विषय जहाजबांधणी. ताईने मोठ्या आनंदाने बातमी टाकली. दहा मिनिटांत कुणीतरी गूगल करून सांगितलं की खरं ग्लासगो विद्यापीठ १४५१ सालचं आहे, आणि हे दुसरंच काहीतरी आहे, १९६४ सालचं. मग कुणीतरी वरचं वाक्य लिहिलं. त्यानंतर ताई गप्प झाली. चिपळूणचं घर तारण ठेवून कर्ज काढायचंय तिला, तेव्हा गप्प होणं साहजिक आहे.

मी ग्लासगोत राहून आता बरीच वर्षं झाली, त्यातली तीन वर्षं मी नोकरी सांभाळून याच 'दुसऱ्या' विद्यापीठात काढली. शिवाय मी डिप्लोमावाला. 'मूळचं टेक्निकलच' ही जी नाक किंचित वर करून बोलायची पद्धत असते ना, ती माझ्या चांगल्या ओळखीची आहे. पुण्यात ज्या कारखान्यात मी नऊ वर्षं होतो, तिथे डिप्लोमावाल्याचा हुद्दा एका ठरावीक पायरीला येऊन थांबायचा. माझ्या हाताखाली काम शिकलेली बी.ई. झालेली मुलं माझ्या डोक्यावरून वर जायची. वाईट मुलं नव्हती ती, जाताना पेढे द्यायची. तर ग्रुपवर दोन ओळींत उत्तर देण्यापेक्षा इथे सविस्तर लिहितो. ताई वाचतेच, आणि तुम्ही नेहमीची मंडळीही आहातच.

गोष्ट सुरू होते ती जॉन अँडरसन नावाच्या एका भांडखोर प्राध्यापकापासून. हा त्या 'खऱ्या' ग्लासगो विद्यापीठातच होता. आधी पौर्वात्य भाषा शिकवायचा, मग १७५७ पासून नॅचरल फिलॉसफी, म्हणजे आजचं भौतिकशास्त्र. त्याच्या वर्गात न्यूकोमेनच्या वाफेच्या इंजिनाचं एक छोटं मॉडेल होतं आणि ते नीट चालत नसे. १७६३च्या सुमारास ते दुरुस्तीसाठी विद्यापीठातच दुकान थाटलेल्या एका उपकरणं बनवणाऱ्या तरुणाकडे गेलं. त्या तरुणाचं नाव जेम्स वॉट. ते मॉडेल इतकी वाफ का खातं या विचारातून पुढे काय झालं ते आपण शाळेत शिकलोच. (केटलीची गोष्ट शिकलो, मॉडेलची नाही. असो.)

त्या काळी विद्यार्थी लाल झगे घालून वर्गात बसत. अँडरसन मात्र शहरातल्या कारागिरांसाठी वेगळा वर्ग घ्यायचा. तिथे झगा नको, कामाच्या कपड्यांत या, प्रयोग बघा. गणित कमी आणि धमाके जास्त, म्हणून पोरांनी त्याचं नाव 'जॉली जॅक फॉस्फरस' ठेवलं होतं. सहकाऱ्यांशी मात्र त्याचं अजिबात पटत नसे. हिशेबावरून भांडणं, प्राचार्यांशी भांडणं, कोर्टकचेऱ्या. शेवटी शेवटी विद्यापीठाच्या कारभारातून त्याला बाजूला काढलं होतं. मधेच त्याने धक्का कमी बसणारी एक तोफ तयार केली. ब्रिटिश सरकारने ती घेतली नाही, तेव्हा हा ती घेऊन १७९१ साली क्रांती चालू असलेल्या पॅरिसला गेला आणि फ्रेंचांना देऊन आला! आपल्याकडे असा माणूस नातेवाइकांत असता तर लग्नाला बोलवायचं की नाही यावर चर्चा झाली असती.

१७९६च्या जानेवारीत तो वारला. त्याचं मृत्युपत्र हा खरा मासला आहे. एक नवं विद्यापीठ काढा, त्यात कला, वैद्यक, कायदा आणि धर्मशास्त्र अशी चार कॉलेजं, प्रत्येकात नऊ प्राध्यापक. प्राध्यापकांनी आळस करायचा नाही, दारू पिऊन पडायचं नाही, हेही लिहून ठेवलेलं. कारभाराला ८१ विश्वस्त, नऊ गटांत नऊ-नऊ, आणि त्या गटांत डॉक्टर, वकील, धर्मगुरू यांच्या जोडीला कारागीर, शेती करणारे, कारखानदार. शिवाय बायकांनाही विज्ञान शिकता यावं ही स्पष्ट इच्छा. १७९६ साली! आणि जुन्या विद्यापीठातल्या कुणाचाही या नव्या संस्थेत शिरकाव होऊ द्यायचा नाही. माणूस गेला तरी राग गेला नव्हता.

एवढं सगळं लिहिलं, पण मागे पैसे फारसे नव्हतेच. ग्रंथसंग्रह, उपकरणं आणि थोडंसं काही. चार कॉलेजं आणि छत्तीस प्राध्यापक कागदावरच राहिले. विश्वस्तांनी त्याच वर्षी एका प्राध्यापकावर सुरुवात केली, थॉमस गार्नेट. वर्गाला बायकाही येऊ लागल्या.

मला यात सगळ्यात आवडतो तो गार्नेटनंतर १७९९ साली आलेला तेवीस वर्षांचा डॉक्टर, जॉर्ज बर्कबेक. त्याला प्रयोगांसाठी उपकरणं करून घ्यायची होती. ती करणाऱ्या कारागिरांच्या दुकानात तो गेला, तर ते त्यालाच प्रश्न विचारायला लागले. हे कशाला, ते असंच का, पाणी वर का चढतं. त्याच्या लक्षात आलं की यांना हाताने सगळं येतं आणि 'का' ते सांगणारं कुणी नाही. त्याने फुकट वर्ग काढला. पहिल्या वेळी पंचाहत्तर जण आले, आणि काही आठवड्यांतच पाचशे. मी वर्कशॉपमध्ये काम केलंय, त्यामुळे हे ऐकून मला मुळीच आश्चर्य वाटत नाही. आमच्या लेथवरचे काका असेच होते. चौथी शिकलेले, आणि ड्रॉइंगमधली चूक लांबून ओळखायचे. त्यांना कधी कुणी वर्गात बोलावलं नाही.

बर्कबेक पुढे लंडनला गेला आणि १८२३ साली तिथे मेकॅनिक्स इन्स्टिट्यूशन उभी राहिली, तीच आजचं बर्कबेक कॉलेज. ग्लासगोच्या कारागिरांनीही त्याच वर्षी आपली वेगळी संस्था काढली. ही लाट आपल्याकडेही पोचली बरं का. मुंबईत काळा घोड्याला डेव्हिड ससून लायब्ररी आहे ना, जिथे मागच्या बागेतल्या आरामखुर्च्यांत लोक पेपर तोंडावर घेऊन झोपतात, तिचं मूळ म्हणजे टांकसाळ आणि गोदीतल्या कारागिरांनी १८४७ साली काढलेली बॉम्बे मेकॅनिक्स इन्स्टिट्यूशन. आमचे आजोबा तिथे बसायचे, पण हा इतिहास त्यांनाही ठाऊक नसावा.

अँडरसनच्या संस्थेत रात्री शिकणाऱ्यांची पुढे रांगच लागली. ब्लँटायरच्या कापडगिरणीत वयाच्या दहाव्या वर्षी कामाला लागलेला एक मुलगा मजुरी साठवून १८३६ साली इथे वैद्यक शिकायला आला. तो डेव्हिड लिव्हिंगस्टन. त्याचा इथला दोस्त जेम्स यंग पुढे दगडी कोळशापासून आणि शेलपासून पॅराफिन काढून गब्बर झाला, आणि मित्राच्या आफ्रिकेतल्या मोहिमांना पैसे पुरवत राहिला. १८६६च्या मोहिमेला लिव्हिंगस्टन मुंबईहून निघाला तेव्हा त्याच्याबरोबर नाशिकच्या शरणपूर मिशनमधले काही आफ्रिकन तरुण होते, गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेले. शरणपूर रोडवरून हजारदा गेलोय मी, पण हे मला कळलं ते ग्लासगोत.

पुढचा इतिहास भराभर सांगतो, कारण तो नावं बदलण्याचाच आहे. १८८७ साली शहरातल्या अशा चार-पाच संस्था एकत्र होऊन ग्लासगो अँड वेस्ट ऑफ स्कॉटलंड टेक्निकल कॉलेज झालं. (मुंबईच्या व्हीजेटीआयचं स्थापनेचं सालही १८८७च.) १९०३ साली जॉर्ज स्ट्रीटवरच्या लाल दगडाच्या प्रचंड इमारतीची कोनशिला राजा सातव्या एडवर्डने बसवली. १९१२ साली नावात 'रॉयल' आलं. टीव्हीवाला जॉन लॉगी बेअर्ड इथलाच. १९१३ नंतर इथल्या मुलांना पदवी मिळू लागली, पण ती कुणाच्या नावाची? ग्लासगो विद्यापीठाच्या! म्हणजे ज्यांना अँडरसनने दारात उभं करायचं नाही म्हटलं, त्यांच्याच शिक्क्याने पन्नास वर्षं काम चाललं. शेवटी १९६४ साली वाणिज्य कॉलेज त्यात विलीन झालं, राजसनद मिळाली आणि स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठ झालं. मृत्युपत्रानंतर १६८ वर्षांनी. १९९३ साली जॉर्डनहिलचं शिक्षक प्रशिक्षण कॉलेजही आत आलं.

कारभाराचं म्हणाल तर आपल्याशी थोडं जुळतं, थोडं नाही. कुलपती मानाचा, पदवीदानापुरता. आपल्याकडे राज्यपालच कुलपती, तसं इथे नाही. रोजचा गाडा 'प्रिन्सिपल' हाकतो, तोच कुलगुरू. वर 'कोर्ट' असतं. न्यायालय नव्हे, व्यवस्थापन मंडळ, आणि त्यात बाहेरची माणसं जास्त, बरोबर शिक्षकांचे आणि विद्यार्थ्यांचे प्रतिनिधी. शिक्षणाच्या गोष्टी सेनेटकडे. फॅकल्टी चारच: अभियांत्रिकी, विज्ञान, मानव्य व सामाजिक शास्त्रं आणि बिझनेस स्कूल. जुन्या विद्यापीठांत विद्यार्थी रेक्टर निवडतात, कधी कधी एखाद्या नटालाही. ती गंमत इथे नाही. ब्रीद मात्र अँडरसनच्याच शब्दांतलं आहे, 'उपयोगी विद्येचं ठिकाण'.

आता गणेशमामांच्या, म्हणजे ग्रुपवाल्यांच्या मुद्द्याकडे येतो. जहाजबांधणीचं प्राध्यापकपद १८८३ साली निघालं ते 'खऱ्या' ग्लासगो विद्यापीठात, क्लाइड नदीच्या काठावर जहाजांचे सांगाडे उभे होते तेव्हा. २००१ साली दोन्ही विद्यापीठांचे त्या विषयाचे विभाग एक झाले आणि आज तो विषय पूर्णपणे स्ट्रॅथक्लाइडकडे आहे. मामा, भाचीला जे शिकायचंय ते १४५१वाल्यांकडे आता मिळत नाही.

पण ताई, उलटी बाजूही सांगतो, नाहीतर तू म्हणशील की भाऊ आपलं कॉलेज म्हणून वकिली करतोय. स्कॉटलंडच्या मुलांना पहिल्या पदवीची फी भरावी लागत नाही. आपल्या मुलांना सगळी भरावी लागते, आणि ती जबर असते. बर्कबेकचा फुकट वर्ग कधीच संपला. परदेशी मुलांच्या फीवर इथली विद्यापीठं बऱ्याच अंशी उभी आहेत, आणि नोकरीची हमी कुणी देत नाही. क्लाइडच्या काठावर आता मोजक्याच गोद्या उरल्यात. मी शिकलो तेव्हा आठवड्यातला एक दिवस कंपनी सोडायची आणि निम्मी फी भरायची. माझ्या डोक्यावर घर नव्हतं.

मला इथे प्रवेश देताना डिप्लोमा आणि कामाची वर्षं दोन्ही धरली होती. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी मी शेवटचं कोणतं मशीन हाताने उघडलं ते विचारलं, आणि मग वीस मिनिटं आम्ही बेअरिंगवर बोललो. हुद्दा त्यांनी विचारला नाही. भाचीचीही मुलाखत झाली तर तिने गोदीतल्या त्या दोन महिन्यांच्या कामाबद्दल बोलावं, मार्कांबद्दल ते कागदावर वाचतीलच.

कर्जाचं असं करू. घर तारण ठेवायच्या आधी मला बँकेचे कागद स्कॅन करून पाठव. जामीनदार म्हणून माझं नाव चालतं का ते विचार, चालत असेल तर मी सही करतो. पहिलं वर्ष ती आमच्याकडे राहील, मागची खोली रिकामी आहे, म्हणजे भाड्याचा आकडा त्या कागदातून वजा कर. आणि तिला सांग, बूट चांगले घे. कॅम्पस टेकडीवर आहे, माँट्रोज स्ट्रीटचा चढ पावसात जीव काढतो. वर पोचल्यावर रॉटनरोच्या बागेत, जिथे पूर्वी बाळंतपणाचं इस्पितळ होतं, तिथे लंगोटाची एक अवाढव्य सेफ्टी पिन उभी केलीय. दम खायला तिथे बाक आहेत.