कांदेनवमीचा बर्गर

पाककृती लिहिणाऱ्या मंडळींनी जगात जितकी असत्यं रूढ केली आहेत, त्यांत ‘कांदा पाच मिनिटं परतून तांबूस करून घ्यावा’ या वाक्याचा नंबर पहिला लागावा. पाच मिनिटांत कांदा तांबूस होत नाही. पाच मिनिटांत तांबूस होतात ते फक्त चिरणाऱ्याचे डोळे. कांद्यात शेकडा ८९ भाग पाणी असतं. हे पाणी आहे तोवर कढईतला मामला १०० अंशांच्या वर सरकत नाही, आणि कांद्यातल्या साखरेला रंग चढायला त्याहून बरीच जास्त धग लागते. म्हणजे आधी पाणी उडण्याची वाट पाहायची, मग रंगाची. मंद आचेवर याला पाऊण तास सहज लागतो. घरोघरच्या बायकांना हे न वाचता ठाऊक असतं. मला ते सत्तरी उलटल्यावर कळलं, आणि तेही एका बर्गरच्या कृपेने.

आमची नात उन्हाळ्याच्या सुट्टीत न्यू जर्सीहून राहनाळला आली. त्यांचा उन्हाळा म्हणजे आपला आषाढ. वय वर्षं चौदा. तिला मराठी समजतं सगळं, पण बोलताना ती शब्द सोन्याच्या भावाने खर्च करते. आमच्या हिचं इंग्रजी ‘थँक्यू’पाशी संपतं. त्यामुळे पहिला आठवडा दोघींनी ‘अजून घे गं’ आणि ‘नको आजी’ या दोन वाक्यांवर काढला. रात्री दिवा मालवताना ही म्हणाली, “पाहुणी आल्यासारखं वाटतंय हो.” आणि कूस बदलून झोपली. झोपली म्हणजे झोपल्यासारखं केलं. इतक्या वर्षांनी तेवढा फरक मला कळतो.

दुसऱ्या दिवशी नातीने जाहीर केलं, “आजी, मी तुमच्यासाठी बर्गर करू? होममेड बीफ बर्गर, विथ कॅरमलाइझ्ड अनियन्स.”

स्वयंपाकघरात झाकण पडल्याचा आवाज आला. मी घाईघाईने कायद्याचा आश्रय घेतला. म्हटलं, “बाळा, महाराष्ट्रात १९७६च्या कायद्याने गाय गेली, २०१५ साली बैल आणि वळूही गेले. उरली ती म्हैस.” मी पुढे काही बोलण्याआधीच आतून ‘मटण!’ असा एका शब्दाचा निकाल आला. त्या न्यायालयावर अपील नाही. नातीनेही तो मानला, फक्त तिला एक शंका होती. बीफ नाही तरी बर्गर म्हणता येईल का? म्हटलं, खुशाल म्हण. हॅमबर्गरमध्ये तरी हॅम कुठे असतं? ते नाव हॅम्बुर्ग शहरावरून आलं. एकदा नाव गावावरून पडलं की आत काय घालायचं ते ज्याच्या त्याच्या गावाने ठरवावं. गोव्यात कटलेट-पाव आहे, इराण्याकडे खिमा-पाव आहे, आणि दादरने तर पावात बटाटेवडा कोंबून जगाला कोड्यात टाकलं आहे.

मग मुहूर्त. आमची ही चातुर्मास पाळते. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत घरात कांदा, लसूण, मटण, सगळं बंद. कॅलेंडरात पाहिलं तर कांदेनवमी चार दिवसांवर. या दिवशी घरातले कांदे यथेच्छ खाऊन संपवायचे, असा आपला शास्त्रोक्त प्रघात. भज्यांच्या जागी बर्गर, एवढाच काय तो बदल.

तवा मागवला, तोही नातीनेच, फोनवरून. आता राहनाळ म्हणजे गोदामांचं गाव. एके काळी ही जागा मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर म्हणून व्यापाऱ्यांनी भातशेतांवर गोदामं उठवली. १ जुलै २०१७ला जीएसटी आला, जकात गेली, गोदामं राहिली. आमच्या गॅलरीतून अशी सात गोदामं दिसतात. आमचा तवा बहुधा त्यांतल्याच एकात पडून होता. पण तो सरळ रस्ता ओलांडून येईल तर शपथ. फोनवर त्याचा प्रवास दिसत होता, निघाला, पोचला, पुन्हा निघाला. आमच्या मुलीच्या लग्नाच्या वऱ्हाडाचीही एवढी खबरबात आम्हांला लागली नव्हती. तिसऱ्या दिवशी भर पावसात तो दारात हजर झाला.

पावाची अडचण नव्हती. इथून जवळच अंजूर आहे. तिथल्या गंगाजी नाईकांनी पोर्तुगीजांविरुद्ध पेशव्यांना साथ दिली आणि १७३९ साली चिमाजीअप्पांनी वसई घेतली. फिरंगी गेले, पाव राहिला. शब्दसुद्धा त्यांचाच. खिमा आणायला मी गेलो. “चरबी काढू नका, शंभराला वीस ग्रॅम घाला,” असं म्हटल्यावर दुकानदाराने माझ्याकडे असं पाहिलं, की डॉक्टरांनी आता आशा सोडली आहे.

खरा संग्राम पुढेच होता. हिने सवयीने खिमा मळायला घेतला. नात ओरडली, “आजी, नो! मळायचं नाही!” आणि मीठही थापून झाल्यावर, वरून. आधी घातलं तर खिमा आवळतो आणि टिक्की चिवट होते. आले-लसूण नाही, कोथिंबीर नाही, मिरची नाही. “मग चव कशाची?” हिने विचारलं. “मटणाची,” नात म्हणाली. हे उत्तर हिने आयुष्यात प्रथमच ऐकलं. शेवटी फाळणी झाली, चार टिक्क्या न्यू जर्सीच्या, चार भिवंडीच्या. मात्र टिक्कीच्या मध्यभागी अंगठ्याने खळगा पाडायचा, म्हणजे ती भाजताना फुगत नाही, ही युक्ती हिने बिनविरोध मंजूर केली.

आणि मग कांदा. किलोभर, उभा चिरलेला. वरच्या मजल्यावरच्या भाभी वासाने खाली आल्या. त्यांचं घराणं विणकरांचं, पिढ्यांपूर्वी उत्तर प्रदेशातून आलेलं. त्यांच्या बिर्याणीतला बिरिस्ता राहनाळात विख्यात आहे. त्यांनी कढईत पाहिलं, गॅस बारीक केला आणि सांगितलं, “बिर्यानी का प्याज दौडता है, ये वाला टहलता है.” एवढं बोलून त्या गेल्या.

कांदा रमतगमत शिजू लागला. आजी-नात कढईशी उभ्या. ढवळल्यावाचून गत्यंतर नाही आणि ढवळण्यापलीकडे काम नाही. अशा वेळी माणूस बोलतो. दहा मिनिटांनी नातीचे शब्द स्वस्त झाले. विसाव्या मिनिटाला ती म्हणाली, “आजी, तू रोज एवढा वेळ कांदा परततेस?”

“रोज नाही गं,” ही म्हणाली. “चौऱ्याऐंशी साली मात्र रोज परतला. मे महिन्यात भिवंडी पेटली होती. कर्फ्यू. तुझे आजोबा तीन दिवस ठाण्यात अडकलेले, आपल्याकडे फोन नाही. तुझी आई वर्षाची. मी रोज संध्याकाळी खिडकी किलकिली करून कांदा परतायचे. वास बाहेर गेला पाहिजे. घरात पुरुषमाणूस जेवायला आहे असं वाटलं पाहिजे.”

“मग खायचं कोण?”

“कोण खाणार? सकाळी वरच्या भाभींच्या सासूबाईंना कळलं. त्या रात्री झोपायलाच आल्या आमच्याकडे.”

मी दारात पाव कापत होतो. ही हकिगत मी चाळीस वर्षांत ऐकली नव्हती. तेव्हा परत आल्यावर मी ‘काही त्रास नाही ना झाला?’ असं विचारलं होतं आणि हिने ‘छे’ म्हटलं होतं. नातीने झारा हिच्या हातातून घेतला आणि काही न बोलता ढवळू लागली. सुरी चालू ठेवणं मला जरा अवघड गेलं. पण कांदा चिरलेल्या घरात डोळे पुसणाऱ्याला कोणी कारण विचारत नाही, ही त्या भाजीची मोठीच सोय आहे.

पन्नासाव्या मिनिटाला किलोभर कांद्याची वाटीभर तपकिरी ठेव उरली, मुरांब्यासारखी गोड. बर्गर झकास झाले. न्यू जर्सीच्या चारही टिक्क्या हिने मुकाट्याने संपवल्या, भिवंडीच्या नातीने. भाभींकडे एक वाटी कांदा गेला. वाटी रिकामी परत येत नाही, या नियमाने तिच्यातून शीरखुर्मा आला.

नात ऑगस्टमध्ये गेली. हिने पाककृती आपल्या वहीत उतरवून घेतली आहे, मी चोरून वाचली. कांद्यापुढे लिहिलंय, ‘५० मिनिटं. सोबतीला कोणी असेल तरच करावा.’ कार्तिकी एकादशी झाल्यावर मला बोलावणं आलं. तेव्हापासून झारा माझ्याकडे आहे.