जिन्याखालची बाटली

आमच्या नारायणगावच्या घरात जिन्याखाली एक कोनाडा आहे आणि त्या कोनाड्यात रॉकेलची एक बाटली आहे. स्टोव्ह मोडीत गेला, कंदील माळ्यावर चढला, स्वयंपाकघरात गॅस आला. पण बाटली जागची हलली नाही. दर दिवाळीच्या साफसफाईत मी ती टाकून द्यायला निघतो आणि दर दिवाळीला आई म्हणते, "राहू दे रे. तिला काय खायला लागते?" यंदा मात्र मी मुकाट्याने बाटली पुसली आणि होती तिथे ठेवली. असे का केले, ते सांगायचे तर थोडे मागे जायला हवे.

1990 साली मी चौथीत होतो. 2 ऑगस्टला इराकने कुवेत घेतले. गुरुजींनी पट्टीच्या टोकाने नकाशावर कुवेत दाखवले, तेव्हा तो बटणाएवढा देश पाहून सगळा वर्ग हसला. दिवाळीपर्यंत ते हसू मावळले. परदेशात तेलाचा भाव पाहता पाहता दुपटीच्या घरात गेला आणि त्याचा चटका मीना नदीकाठच्या आमच्या विहिरीपर्यंत पोचला. वीज रात्री-अपरात्री यायची, म्हणून दादांची सारी भिस्त डिझेलच्या इंजिनावर होती. इकडे रेशनच्या दुकानापुढे रॉकेलची रांग लागे. माणसे थोडी, डबेच फार! आमच्या डब्याला आईने लाल चिंधी बांधली होती. त्या डब्याशेजारी बसून मी एकोणतीसचा पाढा पाठ केला. एकदा नेमका आमचा नंबर आला आणि पिंप संपले. मी रडत घरी आलो. आई काही बोलली नाही. पण त्या दिवसापासून मिळेल त्या रॉकेलातले थोडेसे काढून ती एका बाटलीत ठेवू लागली. तीच ही बाटली.

पुढे संक्रांतीच्या सुमारास दादा आईला म्हणाले, "कांद्याला पाणी तोडून चालायचे नाही. पाटल्या दे. पाडव्यापर्यंत सोडवून आणतो." आईने साबण लावून पाटल्या उतरवल्या. मनगटावर पांढरे वळ उमटले होते. त्या वर्षी हळदीकुंकवाला ती पदर मनगटावर ओढून वावरत होती, हे मला आजही दिसते.

आणि गंमत अशी, की सहा महिन्यांनी देशानेही तेच केले. 1991च्या जुलैत रिझर्व्ह बँकेने सुमारे 47 टन सोने बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपान यांच्याकडे गहाण ठेवून परकीय चलन उभे केले. केवळ तेलच कारण होते असे नाही. जुनी कर्जेही डोक्यावर होती. पण तेलाच्या बिलाने घडा भरला. दादांनी ती बातमी मोठ्याने वाचली आणि म्हणाले, "बघ, दिल्लीवालेही सराफाच्या पायरीला गेले!" आई हसली नाही.

तेल आटण्याची चाहूल लागली की सरकार काय करते, याचे मला तेव्हापासून कुतूहल आहे. पुढे वाचत गेलो तेव्हा लक्षात आले, की सरकार म्हणजे एक मोठे घरच. 1973च्या ऑक्टोबरात अरब-इस्रायल युद्ध पेटले, अरब देशांनी तेल आखडले आणि काही महिन्यांत भाव चौपट झाला. हॉलंडने रविवारी मोटारी बंद केल्या. अमेरिकेने 1974 साली मोटारींचा वेग ताशी 55 मैलांवर आणला. ब्राझीलने 1975 साली उसाच्या मद्यार्काकडे मोहरा वळवला. आपल्याकडे भाववाढीच्या निषेधार्थ अटलबिहारी वाजपेयी बैलगाडीतून संसदेत गेले. आधी काटकसर, मग भाववाढ, मग कर्ज आणि शेवटी नवी विहीर, हाच क्रम घरातही असतो.

आपल्याला ती नवी विहीर मिळालीही! 1974 साली 'सागर सम्राट'ने मुंबईपासून दूर समुद्राच्या तळाशी तेल शोधले आणि 1976 पासून बॉम्बे हायचे तेल येऊ लागले. 1980च्या दशकात एक काळ असा आला, की देशाच्या गरजेचे निम्म्याहून अधिक तेल घरचेच होते. पण विहीर ती विहीर. उपसा वाढला तसा तळ दिसू लागला आणि आमची तहान मात्र वाढतच गेली. आज शंभरांतले पंचाऐंशीहून अधिक भाग तेल आपण बाहेरून आणतो.

मग पाळी आली उसाची. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळायला 2003 साली पाच टक्क्यांनी सुरुवात झाली. 2022 साली ते दहा टक्के झाले आणि 2025 साली वीस. आमच्या जुन्नर तालुक्यातल्या ऊसवाल्याला हे गोडच वाटले. पण 2023 साली पाऊस कमी पडला आणि डिसेंबरात सरकारनेच उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधन घातले. पुढच्या हंगामासाठी ते उठले. हे वर्गात सांगितले तेव्हा एक पोरगी म्हणाली, "गुरुजी, ऊस गाडीने प्यायला तर साखर कुठून येणार?" मी फळा पुसायला लागलो. उसाला पाणी लागते आणि धरणातले पाणी काही करारावर मिळत नाही.

मला आवडली ती वेगळीच गोष्ट. विशाखापट्टणम, मंगळूर आणि पादूर येथे खडकाच्या पोटात गुहा खोदून सरकारने तेलाची कोठारे केली आहेत. त्यांत 53 लाख टनांवर तेल मावते. देशाला ते जेमतेम साडेनऊ दिवस पुरेल; पण 2020 साली तेल मातीमोल झाले, तेव्हा ती भरून घेतली. हे वाचले आणि मला जिन्याखालचा कोनाडा आठवला. स्वस्ताईत भरून ठेवावे, हे आईला कोणी शिकवले होते?

पाडव्याला दादांनी एकच पाटली सोडवून आणली. दुसरी व्याजात गेली. दादा आता नाहीत. 2024 साली रिझर्व्ह बँकेने शंभर टन सोने इंग्लंडहून मायदेशी आणल्याची बातमी मी आईला वाचून दाखवली. ती हातातली एकटी पाटली फिरवत म्हणाली, "सरकारचे आले का? बरे झाले बाई." मग थोडे थांबून तिने विचारले, "आणि पुन्हा तशी वेळ आली तर?"

म्हणून यंदा बाटली पुसून ठेवली. पणत्या गोड्या तेलाच्याच लावल्या. पण लावताना माझे लक्ष दोनदा कोनाड्याकडे गेले.