कल्हईवाल्याचे कथील, सर्किट बोर्डाचा डाख

१/ सर्किट बोर्डावर ‘ड्राय सोल्डर’ आढळला की नवखा कारागीर आणखी डाख ओततो. दोष मात्र बहुधा तांब्यावरील ऑक्साइडच्या थरात किंवा अपुऱ्या उष्णतेत असतो.

२/ भांडगावासारख्या गावांत फिरणारा कल्हईवाला हे जाणून होता. भांडे तापवून, नवसागर भुरभुरून तो थर काढी. मगच २३२ अंशांवर वितळणारे कथील कापसाने पसरे. कसूर परवडणारी नव्हती: कल्हई उडालेल्या तांब्यात आंबट पदार्थ कळकत, विषारी होत.

३/ बोर्डावर तेच काम राळ करते. नवसागराचे अवशेष बारीक तारा गंजवतात. २००६ मध्ये युरोपीय संघाने शिशावर निर्बंध घातले. डाखाचा वितळणबिंदू १८३वरून सुमारे २१७ अंशांवर गेला. क्रम बदलला नाही: आधी स्वच्छता, मग ताप, शेवटी कथील.