फाटकापर्यंत आलेला उजेड

मुंबईत वर्सोव्याला समुद्राखालच्या केबल्स जमिनीवर येतात. आखातातून, आफ्रिकेच्या कडेकडेनं, भूमध्य समुद्रातून निघालेला उजेड त्यांच्यातून वाहत येतो. काचेतून तो सेकंदाला जवळपास दोन लाख किलोमीटर धावतो. पुढे घाट चढतो, महामार्गाच्या कडेला पुरलेल्या पाइपांमधून पुण्याच्या दिशेनं सरकतो, पुनावळ्याच्या सर्व्हिस रोडवर येतो आणि तिथल्या एखाद्या नव्या सोसायटीच्या फाटकाशी थांबतो. सात समुद्र ओलांडून आलेल्याला पुढचे दोनशे मीटर मिळत नाहीत.

कालपरवापर्यंत ऊस आणि ज्वारी असलेल्या या जमिनीवर आता वीस-बावीस मजल्यांच्या इमारती आहेत. माणसं कर्ज काढून, वर्षानुवर्षं वाट पाहून इथं राहायला येतात. ताबा मिळतो, गणेशपूजन होतं, पाण्याचं आणि विजेचं मार्गी लागतं. मग इंटरनेटसाठी कंपनीला फोन करावा, तर पिनकोड ऐकून आधी ‘हो, तुमच्या भागात सेवा आहे’ म्हणतात आणि इमारतीचं नाव सांगितलं की ‘फीजिबिलिटी नाही.’ या दोन वाक्यांच्या मधल्या फटीत आमच्या सोसायटीतली कितीतरी कुटुंबं राहत होती.

संध्याकाळी जिन्यात गर्दी व्हायची. मधल्या लँडिंगच्या खिडकीशी मोबाइलला बरी रेंज मिळते, हे सगळ्यांना कळलं होतं. तिथं पायरीवर बसून इंजिनिअरिंगची मुलगी असाइनमेंट पाठवायची, अमेरिकेच्या वेळेनं काम करणारा एक जण मांडीवर लॅपटॉप घेऊन मीटिंगला बसायचा, आणि वरच्या मजल्यावरचे आजोबा परदेशातल्या नातवाचा चेहरा दिसावा म्हणून फोन काचेला टेकवून धरायचे. चित्र अडकलं की तेही तसेच न हलता थांबायचे. मला ते बघवत नसे.

घरात रेंज का नाही, याचं कारण भिंतीत आहे. हल्लीच्या बऱ्याच इमारती मायवान पद्धतीनं उभ्या राहतात. ॲल्युमिनियमचे साचे लावायचे, सळया बांधायच्या आणि आख्खा मजला काँक्रीटनं ओतायचा. विटेची भिंत नाहीच. काम झपाट्यानं होतं, भिंत सरळ येते. पण सळयांनी भरलेल्या त्या काँक्रीटमध्ये मोबाइलचा सिग्नल मावळत जातो. नंतर वायर न्यायची म्हटली तर झिरीही पाडता येत नाही, सळई लागते. म्हणजे वायरीसाठीचा पाइप काँक्रीट ओतण्याआधीच सळयांमध्ये बांधून ठेवावा लागतो. तो दिवस निघून गेला की गेला. प्लॅस्टिकच्या साध्या पाइपाचा खर्च घराच्या किमतीपुढे काहीच नाही, तरी तो राहून जातो. कारण त्या दिवशी साइटवर त्याची आठवण करून देणारं कुणी नसतं, आणि घर घेणाऱ्यानंही पार्किंग, लिफ्ट, पाणी, व्यायामशाळा एवढंच विचारलेलं असतं.

आमच्याकडे पाइप होता. अडलं होतं ते परवानगीपाशी. सोसायटीच्या हाती कारभार येईपर्यंत एनओसी बिल्डरची, आणि बिल्डरनं एकाच पुरवठादाराशी बोलणी केलेली. त्याची लाइन येईना आणि दुसऱ्याला आत सोडेनात. इमारतीत सगळ्या कंपन्यांना समान प्रवेश मिळावा, कुणा एकाची मक्तेदारी नसावी, अशी शिफारस दूरसंचार नियामक ‘ट्राय’नं २०१७ सालीच केली आहे. २०२४ मध्ये तर इमारतींना डिजिटल जोडणीवरून मानांकन देण्याचे नियमही आले. पण नियम झाला तरी वायरी वर नेणाऱ्या शाफ्टच्या दाराची किल्ली कुणाकडे असते, यावर बरंच ठरतं. आमची कमिटी बसली, पहिल्याच सभेत ठराव झाला आणि किल्ली आमच्याकडे आली.

मग एका सकाळी केबल जोडणारा, स्प्लायसिंगवाला मुलगा आला. लातूरकडचा, विशीतला. मजल्यावरच्या मोकळ्या जागेत त्यानं वर्तमानपत्र पसरलं आणि मांडी घालून बसला. मी वाकून बघायला लागले तसा म्हणाला, ‘‘मॅडम, तुकड्याला हात लावू नका हां, काच आहे. बोटात गेली की दिसत नाही.’’ काळ्या केबलचं साल काढलं, आतलं रंगीत आवरण सोललं, स्पिरिटच्या बोळ्यानं पुसलं. हाती उरली सव्वाशे मायक्रॉन जाडीची, केसाएवढी काच. आणि उजेड जातो तो तिच्याही पोटातल्या नऊ मायक्रॉनच्या गाभ्यातून. क्लीव्हरनं टोक काटकोनात कापून त्यानं दोन्ही टोकं यंत्रात ठेवली. छोट्या पडद्यावर ती खांबांएवढी दिसू लागली. एक जरा खाली, एक वर. यंत्रानं त्यांना हळूहळू एका रेषेत आणलं, मध्ये विजेची बारीक ठिणगी उडाली आणि सांधा नाहीसा झाला. पडद्यावर कितीही निरखलं तरी एक काच कुठं संपली नि दुसरी कुठं सुरू झाली ते कळेना. ‘‘लागली,’’ एवढंच तो बोलला.

काचेतून उजेड वळवून नेता येतो, हे १९५४ साली ‘नेचर’मधल्या निबंधात दाखवणाऱ्यांत पंजाबात जन्मलेले नरिंदरसिंग कपानी होते. काच पुरेशी शुद्ध केली तर हाच उजेड दूरवर संदेश नेईल, असं चार्ल्स काओंनी १९६६ मध्ये मांडलं. त्यासाठी त्यांना २००९ मध्ये नोबेल मिळालं. त्या सगळ्या विद्येचं शेवटचं टोक आमच्या मजल्यावर या मुलाच्या चिमटीत होतं, आणि त्याची बोटं जराही हलत नव्हती.

त्यानं उजेड मोजायचा मीटर लावला. ‘‘उणे एकोणीस. एकदम भारी, मॅडम.’’ घरातल्या इंटरनेटच्या डब्यावरचा, सिग्नल नसल्याचं सांगणारा ‘एलओएस’चा लाल दिवा विझला, शेजारचा हिरवा लुकलुकला आणि स्थिरावला. जोडणीची रीतही मला फार आवडली. एक्स्चेंजमधून येणारा एकच धागा वाटेत स्प्लिटरमधून बत्तीस घरांना वाटला जातो आणि त्या वाटणीला वीज लागत नाही. काचच काचेला उजेड देते. येणारा १४९० नॅनोमीटरचा, जाणारा १३१० चा. एकाच धाग्यात दोघं समोरासमोरून जातात, एकमेकांना अडवत नाहीत. डोळ्यांना मात्र दोन्ही दिसत नाहीत.

त्या रात्री जिना रिकामा होता. आजोबा घरात, खुर्चीत बसून बोलत होते.

आमचं झालं, पण रावेतला, मोशीला, वाघोलीला, उंड्रीला रोज नवे स्लॅब पडताहेत आणि प्रत्येक स्लॅबबरोबर पाइपाची वेळ निघून जाते आहे. म्हणून घर बघायला जाल तेव्हा सॅम्पल फ्लॅटमध्ये रमू नका. मजल्यावरच्या शाफ्टचं दार उघडायला सांगा. फाटकापासून घरातल्या पेटीपर्यंत रिकामा पाइप आहे का, आणि तो सगळ्या कंपन्यांना खुला आहे का, हे दोन्ही विचारा. आणि उत्तर करारात लिहून घ्या.