उठायची खुर्ची

खुर्ची ही बसायची वस्तू आहे, असा आपला पंचविशी-तिशीतल्या लोकांचा एक गोड गैरसमज असतो. गुडघे दुखायला लागले की कळतं, बसणं सोपं आहे. खरा प्रश्न उठण्याचा.

आमच्याकडे हे कळलं ते आईमुळे. एकदा ती हळूच म्हणाली, "अरे, हे हल्ली दुपारचं पाणीच पीत नाहीत." का? तर दुपारी आई भजनाला जाते, मी हिंजवडीला हापिसात. पाणी प्यायलं की बाथरूमला जावं लागणार, त्यासाठी सोफ्यातून उठावं लागणार आणि हात द्यायला घरात कोणी नसणार. म्हणून पाणीच बंद! बाबांची अख्खी नोकरी एसटीच्या वर्कशॉपमध्ये गेली. बंद पडलेल्या गाड्या उठवणाऱ्या माणसाला स्वतःला उठवायला कोणाला हाक मारायची सवय नाही.

फिजिओथेरपिस्ट बाईंनी त्यांची 'टाइम्ड अप अँड गो' चाचणी घेतली. १९९१ साली प्रसिद्ध झालेली ही चाचणी जाम साधी आहे. खुर्चीतून उठायचं, ३ मीटर चालायचं, वळून परत येऊन बसायचं. १२ किंवा जास्त सेकंद लागले तर माणूस पडण्याचा धोका आहे असं धरतात. बाबांना १९ लागले, आणि त्यातले बरेचसे नुसते उठण्यात गेले.

यामागचं मेकॅनिक्स पहिल्या वर्षाचं आहे. उठताना शरीराचा गुरुत्वमध्य पावलांच्या वर आणावा लागतो. सीट जितकी खाली, तितका गुडघ्यांवर ताण जास्त. आपले हल्लीचे सोफे मऊ, खोल आणि बुटके. दिसायला झकास, उठायला सापळा.

तर मंडळी, दोन विकांत आम्ही लिफ्ट रिक्लायनर शोधत फिरलो. पहिल्या दुकानात बाबा खुर्चीला हात लावायलाही तयार नव्हते. "ही आजारी माणसाची खुर्ची आहे." दुसऱ्या दुकानात सेल्समनने ती वर उचलून दाखवली तेव्हा त्यांनी वाकून खाली पाहिलं आणि पहिल्यांदा चेहरा खुलला. "अरे, हा तर जॅक आहे!" बरोबर होतं त्यांचं. छोटी मोटर एक स्क्रू फिरवते, स्क्रूवरचा दांडा पुढे सरकतो आणि अख्खी सीट पुढे झुकत वर येते. जॅक म्हटल्यावर ती खुर्ची आजाऱ्याची उरली नाही, वर्कशॉपची झाली.

घेताना काय बघायचं? एक, पाठ टेकून बसल्यावर तळपाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत. म्हणून ज्याला बसायचं आहे त्याला दुकानात न्यायचंच, चपला घेताना नेतो तसं. दोन, मोटर एक की दोन. एका मोटरवर पाठ आणि पाय बरोबरच हलतात, दोन असतील तर वेगवेगळे. तीन, मागे भिंतीपासून किती जागा लागते. चार, वीज गेली तर काय? बऱ्याच खुर्च्यांच्या ॲडॅप्टरमध्ये ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांची जागा असते. आडवं झालेलं असताना वीज गेली तर खुर्ची एकदा पूर्वपदावर आणायला त्या पुरतात. बॅटऱ्या बहुधा आपण आणायच्या असतात. आमच्याकडे दर गुरुवारी वीज जाते, त्यामुळे हे काम पहिल्याच दिवशी केलं.

आठवड्याभरात आईचा रिपोर्ट आला: दुपारची बाटली रिकामी. त्या बाटलीच्या मानाने माझं त्या वर्षीचं अप्रेझल काहीच नव्हतं.

पुढे चौदा महिन्यांनी, म्हणजे वॉरंटी संपल्यावर दोनच महिन्यांनी, खुर्ची बंद पडली. दुकानाला फोन केला. न बघताच उत्तर मिळालं, "मोटर गेली असणार, बदलावी लागेल, माणूस बारा दिवसांनी येईल." बारा दिवस म्हणजे बारा दुपारी. म्हटलं, आपणच डिबग करू.

प्लग काढला, खुर्ची आडवी केली. ॲडॅप्टरवर २९ व्होल्ट लिहिलेले, मल्टिमीटरवर तेवढेच दिसत होते. म्हणजे तिथवर सगळं ठीक. मग जुन्या यूपीएसची १२ व्होल्टची बॅटरी थेट मोटरच्या दोन पिनांना लावली. दांडा सावकाश, पण सरकला. तारा उलट केल्या, उलटा सरकला. मोटर ठणठणीत! राहिला रिमोट आणि वायर. बाबा शेजारी स्टुलावर बसून टॉर्च धरून होते. म्हणाले, "ती कात्री बघ. हलणाऱ्या भागात वायर चेपतेच." आणि खरंच, कात्रीसारख्या उघडमीट होणाऱ्या पट्ट्यांमध्ये वायर चेपून आतून तुटली होती.

बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळून वायर आणि स्लीव्ह आणली, तुटका तुकडा बदलून सोल्डर केलं आणि वायर पट्ट्यांपासून लांब, फ्रेमला बांधून टाकली. खर्च शंभराच्या आत. दोनच सूचना: ॲडॅप्टर उघडायचा नाही, त्यात घरची वीज असते. आणि प्लग लावलेला असताना पट्ट्यांमध्ये बोट घालायचं नाही.

एक मात्र आहे. फिजिओ बाईंनी बजावलंय की सगळं काम खुर्चीला करू द्यायचं नाही, नाहीतर मांड्यांमधली उरलीसुरली ताकदही जाईल. म्हणून बाबा निम्म्या उंचीवर बटण सोडतात. खुर्ची तिथेच थांबते. पुढचं अर्धं त्यांच्या पायांचं.

असो. या विकांताला घरी गेलात तर एवढंच करा. आई-बाबा सोफ्यातून उठताना नीट बघा. हात टेकावे लागतात का? पहिला प्रयत्न फसून दुसरा करावा लागतो का? तोंडाने विचारू नका. "काही त्रास नाही रे" हे उत्तर तयारच असतं.